विद्येची वांटणी

जून महिना उजाडला कीं आमच्या मध्यम वर्गाच्या घरोघर एक लहानसें न्यायालय भरूं लागतें. परीक्षांचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाचे अर्ज भरावयाचे असतात, आणि आजोबा, वडील, एखादे मामा व शेजारचे एक अनुभवी गृहस्थ असें मंडळ दिवाणखान्यांत जमून कोणत्या मुलानें काय शिकावें ह्याचा निवाडा करीत असतें. ज्याच्या आयुष्याचा हा निवाडा, तें मूल बहुधा पाण्याचे पेले आणण्याच्या कामावर असतें. अशाच एका बैठकीस यंदा आम्हांस हजर राहण्याचा योग आला. आणि तेथें जें ऐकलें तें मनांतून जाईना, म्हणून हा लेख.

आमचे एक जुने स्नेही आहेत. सेवानिवृत्त शिक्षक, वृत्तीनें सुधारक, आणि घरांत कोणावर आवाज न चढविणारे. त्यांची नात व नातू हीं जुळीं भावंडें यंदा बारावी उत्तीर्ण झालीं. दोघांनींहि कला शाखा घेतली होती व दोघांचे गुणहि जवळजवळ सारखे. नातवाला इतिहासाचा नाद. गडांचीं नांवें व सनावळ्या त्याच्या जिभेवर. नात तर्कट, कोणतेंहि विधान ऐकलें कीं 'कशावरून?' असें विचारणारी. निवाडा असा झाला कीं, नातवानें व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्यावा, कारण इतिहासानें पोट भरत नाहीं. आणि नातीनें इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. व्हावें, कारण तें मुलीला शोभतें, व पुढें बी. एड्. केलें म्हणजे शाळेंत जागा मिळण्यासारखी असते. "आमच्याकडे सक्ती म्हणून नाहीं हो," स्नेही समाधानानें म्हणाले, "दोघांच्या आवडीनेंच सारें ठरलें."

आम्हीं विचारलें, "नातीनें मागितलें काय होतें?"

ते जरा थांबले. "म्हणत होती तत्त्वज्ञान. पण तें आपलें असेंच. चार गोष्टी समजावून सांगितल्या, तिला पटलें."

ह्या 'पटलें' शब्दांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे असें आम्हांस वाटतें. कोणीं कोणाला अडविलें नाहीं, कोणी रडलें नाहीं, दोन्ही मुलांनीं अर्जावर आपल्या हातानें सह्या केल्या. मग ह्यांत कोणावर अन्याय झाला काय? झाला असेल तर तो कोणीं केला? आणि झाला नसेल, तर इतिहासाचा नाद असलेला मुलगा इतिहासापासून व तर्काचा नाद असलेली मुलगी तर्कशास्त्रापासून दूर गेली, हें घडलें कसें?

दार बंद असतें तेव्हां अन्याय ओळखणें सोपें असतें. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या. १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं तेथील कायद्याच्या बी. सी. एल्. परीक्षेस बसल्या. परंतु स्त्रियांना पदवी देण्यास त्या विद्यापीठानें १९२० सालीं प्रारंभ केला, त्यामुळें सोराबजींच्या हातीं ती पदवी १९२२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं पडली. केंब्रिजनें तर ह्या कामीं १९४८ साल उजाडूं दिलें. अशा गोष्टी वाचल्या म्हणजे राग कोणावर धरावयाचा ह्याविषयीं संशय राहत नाहीं. नियम लिहिलेला असतो व त्याखालीं कोणाची तरी सही असते.

आज तशी सही कोठेंच सांपडावयाची नाहीं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणें आपल्या देशांत उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४ कोटि ३३ लाख असून त्यांत मुली २ कोटि ७ लाख आहेत. म्हणजे दोन्ही पारडीं जवळजवळ समतोल झालीं. बी. ए. च्या वर्गांत तर निम्म्याहून कांहीं अधिक मुलीच असतात. एवढ्यावर संतोष मानून प्रश्न मिटला असें म्हणावयाचें, तों आपण ह्या कला शाखेच्या आंत डोकावून पाहतों, आणि तेथें निराळेंच चित्र दिसतें. अमेरिकेंतील आंकडे ह्या बाबतींत फार बोलके आहेत. तेथील पीएच्. डी. पदव्यांचा हिशेब करितां कलेच्या इतिहासांत व मानसशास्त्रांत शेंकडा ७० हून अधिक पदव्या स्त्रिया मिळवितात. आणि अर्थशास्त्रांत व तत्त्वज्ञानांत शेंकडा ३५ हून कमी. चारहि विषय पुस्तकांचेच. चोहोंतहि बसून वाचावयाचें, विचार करावयाचा व लिहावयाचें. असें असतां दोन खोल्यांत स्त्रियांची दाटी व शेजारच्याच दोन खोल्यांत त्यांची तुरळक हजेरी, हें कां?

ह्याचें पहिलें उत्तर निसर्गाचें. स्त्रीचें मन भावनेकडे, माणसांकडे, सौंदर्याकडे ओढा घेतें व पुरुषाचें अमूर्त तत्त्वांकडे, असें हें उत्तर सांगतें. आणि तें देणारे लोक सगळेच दुष्ट असतात असें नाहीं. स्त्री व पुरुष ह्यांच्या मनोरचनेंत कांहींच भेद नाहीं असा आमचाहि हट्ट नाहीं. परंतु निसर्गाची एक खूण अशी कीं, तो एका पिढींत बदलत नाहीं, आणि देशाची सरहद्द ओलांडली म्हणून पालटत नाहीं. ह्या कसोटीस हें उत्तर उतरत नाहीं. ज्या मानसशास्त्राला आज अमेरिकेंत स्त्रियांचा विषय समजतात, त्याच्या पीएच्. डी. पदव्यांत १९७० च्या सुमारास स्त्रियांचा वांटा एकचतुर्थांशाच्या आसपास होता. तेवढ्या अवधींत स्त्रीचें मन बदललें असें कोणी म्हणणार नाहीं. इकडे आपल्या देशांत पाहावें, तर वर सांगितलेल्याच अहवालाप्रमाणें विज्ञानाच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे मुलांहूनहि अधिक आहेत. मात्र अभियांत्रिकींत त्या एकतृतीयांशहि नाहींत. भौतिकशास्त्रांतील सूत्रें मुलीच्या स्वभावास मानवतात आणि त्याच सूत्रांवर पूल बांधावयाचा म्हटलें कीं तिचा स्वभाव आड येतो, असा हा कसला निसर्ग?

तत्त्वज्ञानापुरतें पाहावयाचें तर दोन दाखले आम्हांस पुरेसे वाटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं ऑक्सफर्डचे तरुण मोठ्या संख्येनें सैन्यांत गेले व वर्ग ओस पडले. त्या सुमारास तेथें एलिझाबेथ अँस्कम, फिलिपा फूट, मेरी मिजली व आयरिस मर्डॉक ह्या चार तरुणी शिकत होत्या. चौघीहि पुढें नीतिशास्त्राच्या विचाराला वळण लावणाऱ्या म्हणून प्रसिद्धीस आल्या. एका विद्यापीठांत एकाच वेळीं एवढ्या स्त्रिया तत्त्वज्ञानांत कशा निपजल्या, ह्याचें कारण मिजलीबाईंनीं उतारवयांत सरळ सांगून टाकलें: त्या वेळीं आजूबाजूला पुरुष थोडे होते. वर्गांत वाद जिंकण्याची चढाओढ नव्हती, त्यामुळें प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न पुरा करावयास अवकाश मिळत असे. दुसरा दाखला आमच्या घरचाच आहे. बृहदारण्यक उपनिषदांतील गार्गी भर सभेंत याज्ञवल्क्याला प्रश्नामागून प्रश्न करते. फार पुढें विचारूं नकोस, डोकें गळून पडेल, असें तो एकदां तिला बजावतो. ती गप्प बसते खरी, परंतु थोड्या वेळानें पुन्हां उभी राहते व पहिल्याहून अवघड प्रश्न घालते. चांगदेवासारख्या योग्याला मुक्ताबाईनें उपदेश केला असें आमची परंपरा सांगते व तें ऐकून आम्ही माना डोलवितों. मुक्ताबाईला जें पेललें, तें आमच्या स्नेह्यांच्या नातीला रुक्ष होईल, हें आम्हीं कोणत्या आधारावर ठरविलें?

दुसरें उत्तर पैशाचें आहे व तें पहिल्यापेक्षां प्रामाणिक आहे. मुलानें मिळवावयाचें, म्हणून त्यानें ज्यांत मिळकत आहे तें शिकावें. मुलीच्या मिळकतीवर घर चालावयाचें नाहीं, म्हणून तिनें कांहींहि शिकलें तरी चालेल. 'मुलीला चालेल' हा शब्दप्रयोग आमच्या घरांतून इतका सहज उच्चारला जातो कीं त्यांतील अपमान कोणास जाणवत नाहीं. तालुक्याच्या गांवीं तर निवड करण्याचाहि प्रश्न उरत नाहीं. जवळच्या कॉलेजांत कला शाखा असते. दूरच्या शहरीं दुसरे विषय असतात. मुलाला शहरीं खोली करून देतात, मुलीला एस्. टी. नें जाऊन संध्याकाळीं परत येतां येईल एवढ्याच अंतरावरची विद्या मिळते. पुढें कोणीं विचारलें म्हणजे सांगतात, 'तिला कलेची आवड होती.' महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. फीचा खर्च पेलत नाहीं, ही सबब त्या प्रमाणांत दूर झाली हें चांगलेंच झालें. आतां ज्या घरांतून ती सबब गेली त्या घरांनीं आपल्या मनाशीं पाहावें कीं, सबबीच्या मागें आणखी कांहीं होतें कीं काय.

पैशाच्या ह्या हिशेबानें मुलीचें नुकसान होतें हें बहुतेकांस कबूल असतें. त्यानें मुलाचें व खुद्द विद्येचेंहि नुकसान होतें, ह्याकडे मात्र लक्ष जात नाहीं. इतिहासाचा नाद असलेल्या मुलाला इतिहास नाकारतांना आम्ही त्याचें कल्याणच करीत आहोंत अशी आमची समजूत असते. त्याला कोणी अन्याय म्हणत नाहीं, कारण त्याला जें देऊं केलें तें अधिक पगाराचें असतें. परंतु ज्या तरुणाला मराठी, संस्कृत किंवा इतिहास ह्यांच्याविषयीं खरें प्रेम आहे व जो केवळ पुरुष म्हणून त्या वर्गांत जावयास लाजतो, तो आपल्या बहिणीइतकाच बांधलेला आहे. आणि विद्येचें म्हणाल, तर जो विषय 'मुलीला चालेल' असा ठरतो त्याची किंमत बाजारांत घटते. मग किंमत घटली म्हणून मुलगे तो सोडतात, आणि मुलगे सोडतात म्हणून ती आणखी घटते. ऑक्सफर्डमध्यें इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र शाखा १८९४ सालीं सुरू झाली, त्या वेळीं विरोधकांनीं हा विषय स्त्रियांना व दुय्यम प्रतीच्या पुरुषांना ठीक आहे म्हणून हिणविलें होतें. म्हणजे स्त्रीला एखादा विषय देतांना तो हलका म्हणून द्यावयाचा, आणि तिनें घेतला म्हणजे तिनें घेतला एवढ्यावरूनच तो हलका ठरवावयाचा! आमचे स्नेही जन्मभर वाङ्मय शिकवीत आले. 'नातीला तें शोभेल' म्हणतांना आपण आपल्याच विद्येला सोंपें व निरुपद्रवी ठरवीत आहोंत, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

तिसरें उत्तर अधिक आदरानें तपासलें पाहिजे, कारण तें देणारीं माणसें मोठीं होतीं. स्त्रियांचें आयुष्यांतील कार्य निराळें, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमहि निराळा असावा, हा तो विचार. १८८४ सालीं पुण्यास हुजूरपागेंत मुलींची शाळा निघाली, तेव्हां मुलांसारखेंच शिक्षण मुलींना देण्यावर 'केसरी'नें कडक टीका केली होती. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचा मार्ग ह्याहून वेगळा होता. त्यांना स्त्रीशिक्षण आवरावयाचें नव्हतें, पसरावयाचें होतें. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांच्या मनानें घेतलें आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. स्वतः गणिताचे अध्यापक असलेल्या ह्या पुरुषानें आपल्या विद्यापीठांत गृहव्यवस्था व आरोग्य ह्या विषयांना मानाचें स्थान दिलें आणि शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेविलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें. ज्या घरांतून मुलगी इंग्रजी कॉलेजांत कधींच गेली नसती, त्या घरांच्या उंबरठ्याबाहेर विद्येनें तिला ह्या वाटेनें आणिलें, ही गोष्ट कृतज्ञतेनें मान्य केली पाहिजे. ज्या काळांत निवड 'हें किंवा तें' अशी नसून 'हें किंवा कांहींच नाहीं' अशी होती, त्या काळांत 'हें' देणारा मनुष्य उपकारकर्ताच होय.

परंतु काळाची सोय व कायमचें तत्त्व ह्यांत भेद आहे. महर्षींच्याच घरांत सून म्हणून आलेल्या इरावती कर्वे ह्यांनीं १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केलें, मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास केला व १९३० सालीं बर्लिनहून मानवशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. महाभारतांतील माणसांकडे एका संशोधक स्त्रीच्या दृष्टीनें पाहणारा त्यांचा 'युगान्त' हा ग्रंथ आमच्या बहुतेक वाचकांच्या कपाटांत असेल. त्यांना कोणीं लहानपणींच 'हें तुला रुक्ष वाटेल' म्हणून समजाविलें असतें व तें त्यांस पटलें असतें, तर तें कपाट आज रिकामें असतें, आणि रिकामें आहे हें आपणांस कळलेंहि नसतें. आणि महर्षींचें विद्यापीठहि एका जागीं थांबलें नाहीं. त्यांत आज मुली अभियांत्रिकीहि शिकतात.

असो. तिन्ही उत्तरें अपुरीं ठरलीं म्हणजे आपण मूळ प्रश्नाशीं येतों: सक्ती नसतां केलेली निवड स्वतंत्र म्हणावयाची कीं नाहीं? आमचें मत असें आहे कीं, सक्तीचा अभाव ही स्वातंत्र्याची केवळ पहिली पायरी होय. निवड स्वतंत्र झाली असें तेव्हांच म्हणतां येईल, जेव्हां उलट निवड केली असती तरी घरांतल्या माणसांचे चेहरे तसेच राहिले असते. एका उत्तराला शाबासकी व दुसऱ्याला मौन मिळणार, हें मुलाला प्रश्न विचारण्याच्या अगोदरच ठाऊक असेल, तर तो प्रश्न नांवाचाच प्रश्न होय.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एका संशोधनाचा उल्लेख करणें इष्ट आहे. सारा-जेन लेस्ली, आंद्रे सिंपियन व त्यांचे सहकारी ह्यांनीं तीस विद्याशाखांतील अध्यापकांस व संशोधकांस विचारलें कीं, तुमच्या विषयांत वर चढण्यास उपजत बुद्धिप्रभा लागते, कीं परिश्रमानें तो साध्य होतो? त्यांचा निष्कर्ष २०१५ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या विषयाचे लोक 'उपजत प्रतिभा हवी' असें अधिक ठासून म्हणतात, त्या विषयांत स्त्रिया कमी. आणि तत्त्वज्ञान हें तसें म्हणणाऱ्यांत अग्रभागीं आहे. स्त्रियांची प्रतिभा कमी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. प्रतिभा ही पुरुषाची वस्तु आहे अशी जी समाजाची समजूत, ती त्या दारावर न लिहिलेल्या पाटीसारखी टांगलेली असते, एवढाच ह्याचा अर्थ. ही पाटी मुलींना केव्हांपासून वाचतां येते, हेंहि पुढें तपासलें गेलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत पांच वर्षांच्या मुली 'फार फार हुशार' म्हणून आपल्याच जातीच्या व्यक्तीकडे मुलग्यांइतक्याच विश्वासानें बोट दाखवीत. सहासात वर्षांच्या मुलींत हा विश्वास ओसरलेला आढळला. शाळेंत चांगले गुण मुलीच मिळवितात, हें त्यांना त्या वयांतहि ठाऊक होतें. तरीहि 'हुशार मुलांसाठीं' म्हणून सांगितलेल्या खेळापासून त्या दूर राहूं लागल्या. सहाव्या वर्षीं जी दूर सरली, तिला अठराव्या वर्षीं आम्ही विचारतों, 'तुझी आवड काय?' आणि तिच्या उत्तराला निसर्ग म्हणतों.

येथें आम्हांस एक कबुली देणें भाग आहे. स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत बसून त्यांना प्रश्न विचारणें सोपें होतें. तोच प्रश्न घरीं परतल्यावर आमच्याकडे वळला. वीसएक वर्षांपूर्वीं आमच्या कन्येनेंहि बी. ए. ला तत्त्वज्ञान घेण्याची इच्छा बोलून दाखविली होती. आम्हीं तिला नाहीं म्हटल्याचें आम्हांस स्मरत नव्हतें. तिनें मराठी वाङ्मय घेतलें, पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाली, आज ती एका कॉलेजांत चांगलें शिकवितेहि. आम्ही तिची गोष्ट नेहमींच मोकळ्या घराचें उदाहरण म्हणून सांगत आलों. परवां ती माहेरीं आली असतां आम्हीं सहज विचारलें, "तुला तेव्हां तत्त्वज्ञान हवें होतें ना? मग कां सोडलेंस?"

ती भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "तुम्हीं नाहीं म्हटलें असतें तर मी भांडलें असतें, बाबा. तुम्ही नुसते हसलांत."

तिच्या स्वरांत तक्रार नव्हती; तक्रार असती तर उत्तर देतां आलें असतें. तें हसणें आम्हांस आठवत नाहीं. कदाचित् तें कौतुकाचें असेल. परंतु आमचा मुलगा तेच शब्द बोलता तर आम्ही हसलों नसतों, रागावलों असतों. 'पोट कसें भरशील' म्हणून त्याच्याशीं वाद घातला असता. ज्याच्याशीं आपण वाद घालतों त्याच्या इच्छेला आपण निदान वजन देतों. मुलीच्या इच्छेला आम्हीं तेवढेंहि दिलें नाहीं, आणि त्यालाच इतकीं वर्षें मोकळीक म्हणत आलों. आरंभीं आम्हीं विचारलें होतें कीं, अन्याय झाला असेल तर तो कोणीं केला. अशा अन्यायाला कर्ता सांपडत नाहीं ह्याचें कारण तो घरांतल्या सगळ्यांत भल्या माणसाच्या हातून, त्याच्या नकळत होतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

ह्यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. मग काय प्रत्येक वर्गांत मुलें व मुली मोजून समसमान बसवावयाचीं? गृहविज्ञानांत मुलगे व तत्त्वज्ञानांत मुली ढकलून भरावयाच्या? तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. संख्येची बरोबरी म्हणजे न्याय नव्हे. उद्यां सर्व अडसर निघाले, सर्व चेहरे समान प्रसन्न झाले, आणि तरीहि एखाद्या विषयाकडे मुली व दुसऱ्याकडे मुलगे अधिक ओढले गेले, तर त्यांत कोणीं खेद मानण्याचें कारण नाहीं. परंतु ती वेळ येईपर्यंत आजच्या आंकड्यांना कोणीं 'स्वाभाविक' हें नांव देऊं नये. ज्या झाडाला एका बाजूनें भिंत आहे तें दुसऱ्या बाजूला वाढलें, तर तेवढ्यावरून त्याचा स्वभाव सांगतां येत नाहीं. भिंत काढून कांहीं पावसाळे जाऊं द्यावे लागतात. आंकड्यांचा उपयोग एवढाच कीं, कोठें भिंत असण्याचा संभव आहे, कोठें जाऊन हात लावून पाहिलें पाहिजे, हें ते दाखवितात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: पोटाचा प्रश्न खोटा आहे काय? तो खोटा नाहीं, आणि ज्या घरांत एका पगारावर सहा माणसें आहेत तेथें मुलाला इतिहास घेऊं द्या असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पोटाचा प्रश्न दोघांनाहि सारखाच विचारावा. मुलीलाहि म्हणावें, 'ह्या विषयानें तूं स्वतःच्या पायांवर कशी उभी राहशील तें सांग'. तिच्या उत्तराशीं वाद घालावा, तिला वाद घालूं द्यावा. आणि मुलालाहि म्हणावें, 'पगार थोडा मिळाला तरी ज्यांत तुझा जीव रमेल असा कोणता विषय आहे?' मुलाला कधीं न विचारलेला प्रश्न मुलाला विचारला व मुलीला कधीं न विचारलेला मुलीला, तर निर्णय कदाचित् पूर्वींचेच होतील. पण ते त्यांचे होतील.

ज्या उपनिषदांत गार्गीची कथा आहे, त्यांतच मैत्रेयीचीहि आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला, तेव्हां मैत्रेयी व कात्यायनी ह्या दोन पत्नींत धनाची वांटणी करून द्यावी असें त्यानें ठरविलें. कात्यायनीची बुद्धि सामान्य स्त्रीसारखी होती, असें सांगून ग्रंथकार पुढें जातो. तिला काय हवें होतें हें त्या सबंध कथेंत कोणीहि विचारलेलें नाहीं, आणि ही त्या सुंदर कथेची उणीव आम्हांस आतां जाणवूं लागली आहे. मैत्रेयीनें मात्र वांटणी नाकारली. ह्या धनानें मी अमर होईन काय, असें तिनें विचारलें. 'नाहीं' असें उत्तर आल्यावर, मग तुम्हांला जें ठाऊक आहे तेंच मला सांगा, म्हणाली. याज्ञवल्क्याला निघण्याची घाई होती. तिला धन घेऊन स्वस्थ बसण्यास सांगणें व्यवहाराला धरून झालें असतें. एक हसूंहि पुरलें असतें. तो परत बसला, तिलाहि समोर बसविलें, आणि जें कठीण होतें तें कठीणच सांगितलें. मध्यें एके ठिकाणीं ती गोंधळली, तेव्हां तें पुन्हां समजावून दिलें.

आमच्या स्नेह्यांस हें सारें आम्हीं लेख लिहिण्यापूर्वींच बोलून दाखविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "अर्जांत बदल करण्याची मुदत शनिवारपर्यंत आहे." दोन्ही नातवंडांना वेगवेगळें बसवून पुन्हां विचारण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. तीं काय सांगतील हें आम्हांस ठाऊक नाहीं. स्नेह्यांसहि ठाऊक नसावें, अशी आमची इच्छा आहे.